नवव्या ओळीवरचा माणूस

अग्नी, चाक, शून्य आणि जाग. मानवजातीच्या वाटचालीतले हे चार महाशोध होत, आणि त्यांतला चौथा मिरजेत लागला. पहिले तीन कुठे आणि कोणाच्या हातून लागले याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही. चौथ्याची मात्र मिनिटासकट उपलब्ध आहे. मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, निद्राविज्ञान संस्थेच्या तळमजल्यावर, इलाही मुजावर यांनी डाव्या कोपराने संगणकाची एक कळ दाबली. कोपराने अशासाठी, की दोन्ही हात भडंगाने तेलकट झाले होते.

मुजावर हे संस्थेचे यंत्रज्ञ, वय बावन्न. संस्थेत विजेवर जे चालायचं ते सगळं त्यांच्या अखत्यारीत होतं, आणि जे चालत नसे ते तर होतंच. ज्या संगणकाची कळ त्यांनी दाबली तो टेबलाखालचा जुना लिनक्सवाला. संस्थेत झोपलेल्या प्रत्येक माणसाच्या मेंदूचे आलेख त्याच्या पोटात होते. नऊ दिवसांपूर्वी वीज गेली, आली, संगणक सुरू व्हायला लागला आणि तेवढ्यात वीज पुन्हा गेली. तेव्हापासून त्याचा हिरवा दिवा लागलेला, आतला पंखा फिरत असलेला, पण हाकेला ओ नाही. त्याला पडदा नव्हता. तो संचालकांनी स्वतःच्या केबिनमध्ये नेऊन तीन महिने झाले होते. नऊ दिवसांत एका समितीने संगणक मृत असल्याचा निष्कर्ष काढला होता आणि दुसरी समिती त्या निष्कर्षाचा अभ्यास करत होती.

मंगळवारी संचालक दिल्लीला गेले. मुजावरांनी केबिनमधला पडदा खाली आणला, संगणकाला जोडला, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या पाच-सहा ओळी दिसल्या. मग ते कोपर. पुढच्या मिनिटाला संगणक असा कामाला लागला, जणू काही झालंच नव्हतं.

"काय केलंत?" मागून आवाज आला. दारात डॉ. त्रिशला मगदूम उभ्या होत्या.

"काय नाही म्याडम. एंटर मारलं."

"नऊ दिवस मेलेलं होतं ते."

"मेलं कुठलं! वाट बघत बसलं होतं की."

"कोणाची?"

"कोणाची म्हणजे? आपली." मुजावरांनी हात रुमालाला पुसले. "म्याडम, संगणकाला सुरुवातीला काहीसुद्धा माहीत नसतं. आपण कोण, आपलं काम काय, काही नाही. आधी एक बारकासा प्रोग्राम जागा होतो. प्रारंभक म्हणा. त्याचं काम एकच, बाकीच्यांना उठवायचं. तो यादी दाखवतो, की बाबा, यातलं कोण उठवू? शून्यापासून मोजायची यादी. वरची शून्यावी ओळ म्हणजे सगळ्यात नवीन. खाली जुन्या आवृत्त्या. नवीन बसवली तरी जुनी पुसत नाहीत, न जाणो कधी लागली तर असावी. मग तो पाच सेकंद थांबतो. त्यात कुठलीही कळ दाबली की मोजणी थांबली. नाही दाबली, तर ठरलेली ओळ आपोआप उठते."

"मग हा पाच सेकंदांनी का नाही उठला?"

"कारण मागचं उठणं अर्धवट राहिलं. वीज गेली ना मधेच! असं झालं की तो सावध होतो. म्हणतो, मागच्या वेळी काहीतरी बिनसलंय, आता माणूस येऊन सांगेल तेव्हाच. मग पाच सेकंद नाही, नऊ दिवस बसेल. नव्वद बसेल. जीव असतो त्याच्यात, फक्त उंबऱ्यावर थांबलेला असतो."

डॉ. त्रिशलाबाई खुर्चीवर बसल्या. खुर्चीवर भडंगाची पुडी होती, तिच्यावरच बसल्या. मुजावरांना ते सांगण्याचा धीर झाला नाही.

वरच्या मजल्यावर, तीन नंबरच्या खोलीत, त्यांचे यजमान भूपाल मगदूम एक्केचाळीस दिवस झोपलेले होते.

भूपालराव मिरज जंक्शनवर उद्घोषक होते. चौतीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या वेळा पुकारल्या आणि घरी येऊन मौन पाळलं. शब्दांचा साठा फलाटावरच संपायचा. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर तो साठा घरी वापरला जाईल अशी बाईंची अपेक्षा होती. तसा तो थोडा वापरलाही गेला, पण मुख्यतः पंख्याच्या वेगाबद्दल. गुडघे धरल्यापासून भूपालरावांना पंखा एकवर लागे. बाईंना पाचवर. एक्केचाळीस दिवसांपूर्वीच्या रात्री ते भांडण पुन्हा झालं आणि अर्धवट राहिलं. सकाळी भूपालराव जागे होत असताना, म्हणजे डोळे उघडले होते पण माणूस पुरता आला नव्हता अशा क्षणी, खिडकीखाली मांडववाल्याने कर्णा तपासला: "ह्यालो, चेक, चेक." ते दचकून उठले, कपाटाच्या उघड्या दारावर डोकं आपटलं आणि मागे पडले. कवटीला इजा नाही, मेंदूत रक्त नाही, नाडी उत्तम. साठीतल्या माणसाचा इतका निरोगी मेंदू आपण पाहिला नाही, असं पुण्याहून आलेले तज्ज्ञ म्हणाले आणि परत गेले.

"मुजावर," बाई अखेर म्हणाल्या, "माणूस जागा होतो ना, तेव्हा झोप संपते आणि जाग सुरू होते, त्या दोहोंच्या मधे एक फट असते. सेकंदाचा चार-दशांश. तेव्हा मेंदू झोपलेला नसतो आणि जागाही नसतो. मी तिला जाग-विराम म्हणते. तीस वर्षं मोजतेय. हजारो माणसांमध्ये सापडली, पण ती कशासाठी असते ते कळलं नाही."

"मग?"

"यांच्या आलेखात ती फट आहे. सुरू झालेली दिसते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "एक्केचाळीस दिवस झाले. संपलेली नाही."

मुजावर संगणकाकडे बघत राहिले आणि मग छताकडे, जिथे वर तीन नंबरची खोली होती.

"म्हणजे साहेबांच्यात यादी..."

"असणार."

"या अल्ला," मुजावर म्हणाले, आणि तीन नंबरला न्यायला पडदा उचलला.

पुढचे सोळा दिवस त्या दोघांनी जे केलं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातला बराच भाग तारा सोलण्याचा आहे. बाईंकडे मेंदूलेखक होता, डोक्याला स्पर्श न करता आतल्या लहरी वाचणारा. मुजावरांनी त्याला एक स्पंदक जोडला, जो तशाच लहरी हलक्या हाताने परत आत पाठवत असे. म्हणजे वाचायला डोळा झाला आणि कळा दाबायला बोट. जाग-विरामातला जो खरखराट बाई तीस वर्षं गाळून टाकत आल्या होत्या, तो गाळायचं थांबवलं. सतराव्या दिवशी, सकाळी दहाच्या उन्हात, पडद्यावर यादी उमटली. चौदा ओळी. त्यांवर नावं नव्हती, नुसत्या लहरींच्या सह्या. शून्यावी ओळ ठळक झालेली.

"खाली जा," बाई म्हणाल्या. "कोणालाही उठवू नका. नुसते खाली जा."

मुजावरांनी खालच्या बाणाची कळ दाबली. पहिली ओळ ठळक झाली. भूपालरावांचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण एक्केचाळीस अधिक सोळा दिवसांनी हललेल्या त्या ओठांवरचे शब्द खोलीतल्या कोणालाही वाचता आले असते: प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.

दुसरी ओळ, तेच ओठ, पण वेगाने, दम लागल्यासारखे, मोठ्या स्टेशनवर बदली झाली होती त्या वर्षांतले. चौथीवर डावा हात गालाशी गेला आणि मिशीचं टोक पिळू लागला. भूपालरावांनी मिशी काढून पंचवीस वर्षं झाली होती. सहाव्या ओळीवर त्यांचे दोन्ही हात छातीशी आले, काहीतरी सात-आठ पौंडांचं अलगद धरल्यासारखे, आणि डावीकडून उजवीकडे डुलू लागले.

"आमची मुलगी," बाई म्हणाल्या. "आता कॅनडात आहे."

मुजावर खाली जात राहिले. बाराव्या ओळीवर अंगठा आणि मधलं बोट जुळून गोटी मारायच्या पवित्र्यात आले. तेरावीवर म्हाताऱ्या तळहाताची मूठ वळली, इतकी घट्ट, की तिच्यात कोणाचं तरी बोट नक्की होतं.

मुजावर उठून उभे राहिले. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. देवळात किंवा दर्ग्यात उभं राहतात तसे ते हात पुढे जोडून उभे होते. एक माणूस पलंगावर पडला होता आणि त्याच्या आत चौदा माणसं, एकामागे एक, शहाणपणाने रांगेत उभी होती. कोणीही मेलं नव्हतं. सहासष्ट वर्षांत भूपाल मगदूम तेरा वेळा बदलले होते आणि मेंदूने प्रत्येक वेळी जुना भूपाल घडी घालून, न चुरगळता, जपून ठेवला होता. न जाणो कधी लागला तर असावा म्हणून.

"म्याडम," ते हळूच म्हणाले, "म्हणजे आपल्या सगळ्यांच्यातच..."

"हो."

"माझ्यात तो दुसरीतला इलाही अजून बसलाय? पाटी फुटली म्हणून रडणारा?"

"उंबऱ्याशी. हाकेची वाट बघत."

मुजावरांनी डोळे पुसले. मग शिस्त म्हणून, घाईत ओलांडलेल्या ओळी परत वर जात तपासल्या. आणि नववीवर थांबले.

नवव्या ओळीवर भूपालरावांचा उजवा हात उचलला गेला. तर्जनी हवेत, पलंगाशेजारी वाकलेल्या कोणाच्या तरी चेहऱ्याच्या उंचीवर गेली आणि तिने हवेतच काहीतरी अलगद वर सरकवलं.

बाईंचा हात नकळत स्वतःच्या चष्म्याकडे गेला. "माझा चष्मा नाकावरून घसरायचा," त्या म्हणाल्या. "बोलता बोलता हे असे वर करायचे. लग्नानंतर चार-पाच वर्षं. तेव्हा हे एकतीस वर्षांचे होते." मग छताच्या पंख्याकडे पाहून: "तेव्हा पंखापण पाचवर लागायचा."

त्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये दोघांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं.

"शून्यावी ओळ उठताना एकदा पडलेली आहे," बाई म्हणाल्या. "पुन्हा पडली तर? यादी परत येईल?"

"संगणकावर येते. साहेबांचं कसं सांगू?"

"आणि जुनी ओळ?"

"जुनी पक्की. चाललेली, घासलेली. पण म्याडम, नववी उठवली तर साहेब एकतीसचे होऊन उठणार. त्यांची आई जिवंत असेल त्यांच्या लेखी."

"मी सांगेन. समजावीन."

"मुलगी झालेलीच नसेल."

"फोटो दाखवीन."

"आणि आरशात बघितलं तर? पांढरे केस बघून दचकले, पुन्हा डोकं आपटलं..."

या मुद्द्यावर दोघं गंभीर झाली. त्याच संध्याकाळी तीन नंबरच्या खोलीतला आरसा काढला. न्हाणीघरातला काढला. कपाटाच्या चकचकीत दाराला वर्तमानपत्र चिकटवलं आणि स्टीलचा तांब्या बदलून पितळी, न घासलेला ठेवला. विज्ञानात पूर्वतयारीला फार महत्त्व आहे.

यादीतून बाहेरच्या धक्क्याने उठवण्यापेक्षा मेंदूला आपण होऊन उठू द्यावं असं ठरलं. यादीच्या मागे एक नोंदपान होतं, जिथे मेंदू आपल्या सवयी लिहून ठेवतो: किती थांबायचं, कोणाला उठवायचं. ते विराम चालू असतानाच उघडत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी स्वतःच्या हाताने तिथे दोन नोंदी बदलल्या. प्रतीक्षाकाल: पाच सेकंद. उठवायची ओळ: नऊ.

मग दोघं पलंगाशी उभी राहिली. पाच सेकंद झाले. पाच मिनिटं झाली. पाऊण तासाने मुजावरांनी कपाळावर हात मारला.

"काय झालं?"

"जन्मात एकदा प्रत्येकजण ही चूक करतो म्याडम, आणि मी दरवर्षी करतो. पानावर नुसतं लिहून भागत नाही. प्रारंभक ते पान वाचतच नाही. त्या पानावरून नवी यादी बांधायला लागते, तिला वेगळी आज्ञा लागते. तोपर्यंत तो जुन्याच यादीवर चालतो."

"मेंदूत ती आज्ञा कोणती?"

उत्तर देणं बाईंचंच काम होतं, आणि ते त्यांना बोलतानाच सुचलं. "झोप," त्या म्हणाल्या. "गाढ झोपेत मेंदू दिवसभराचं सगळं लावून ठेवतो. यादी तेव्हाच बांधत असणार."

"मग झोपवू या."

"जागा झाल्याशिवाय माणूस झोपेल कसा, मुजावर?"

राहिली होती ती एकच वाट: बाण आणि एंटर. मुजावर बाजूला सरले. डॉ. त्रिशलाबाईंनी खालचा बाण नऊ वेळा दाबला. ती तर्जनी पुन्हा हवेत वर आली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. बाहेर स्टेशनच्या बाजूला कोणती तरी गाडी आली आणि गेली. मग त्यांनी वरचा बाण नऊ वेळा दाबला.

"म्याडम? शून्यावी? पडलेली?"

"माझं भांडण याच्याशी राहिलंय," बाई म्हणाल्या आणि एंटर दाबलं.

भूपालरावांनी डोळे उघडले. छताकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. अठ्ठावन्न दिवसांच्या मौनानंतर, चौतीस वर्षं फलाटावर घुमलेल्या त्या आवाजात ते म्हणाले, "पंखा एकवर कर."

बाई हसल्या, रडल्या, आणि पंखा एकवर केला. मुजावरांनी सगळ्या मजल्यांवर उरलेलं भडंग वाटलं. भूपालरावांना पेज दिली. मीठ कमी आहे म्हणाले. कपाटावर पेपर का चिकटवलाय म्हणाले, आणि पेपर जुना आहे म्हणाले. मग जेवणानंतर, त्यांच्या नेहमीच्या वेळी, कुशीवर वळून झोपले. छान, गाढ, घोरत. त्या घोरण्याचाही आलेख बाईंनी काढला.

अडीच वाजता मुजावर जिन्यावरून धावत वर आले.

"म्याडम, ते पान पुसलं का आपण?"

बाईंनी वर पाहिलं.

"नऊ लिहिलंय त्यावर अजून! आणि साहेब झोपलेत! यादी बांधून झाली असणार! आता उठतील ते..."

"पान उघडा."

"विराम लागल्याशिवाय पान उघडत नाही! पण घाबरू नका, पाच सेकंदांचा प्रतीक्षाकाल लिहिलाय आपण. कुठलीही कळ दाबा, मोजणी थांबेल. मग शून्यावर जाऊन एंटर. कुठलीही कळ म्याडम, नुसतं बोट टेका."

बाई पडद्यासमोर बसल्या. घोरणं थांबलं. पडद्यावर यादी उमटली. नववी ओळ ठळक, आणि खाली आकडा: पाच.

बाईंचं बोट कळीवर होतं.

चार. पलंगावरचा उजवा हात हलला.

तीन. तर्जनी उचलली गेली.

"म्याडम," मुजावर म्हणाले.

दोन. बोट कळीवरच होतं. तीस वर्षं माणसांना जागं होताना पाहिलेल्या बाई एका अधांतरी तर्जनीकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या श्वासाचा आवाज मेंदूलेखकाच्या आवाजाहून मोठा होता.

एक.

बोट कळीवरच राहिलं.

भूपाल मगदूम जागे झाले. चेहरा तोच, सुरकुत्या त्याच, पण डोळ्यांमागे नवं माणूस येऊन बसलेलं स्पष्ट दिसलं. रिकाम्या खोलीत दिवा लागावा तसं. मुजावरांनी नकळत पुन्हा हात जोडले. पस्तीस वर्षांपूर्वीचा माणूस, काल रात्री झोपून आज उठल्यासारखा, ताजा, प्रसन्न, खोलीभर पाहत होता. त्याची नजर दारावर गेली, खिडकीवर गेली, न घासलेल्या पितळी तांब्यावर गेली. तो कोणाला तरी शोधत होता.

बाई उठून पलंगाशी आल्या. वाकल्या, मुद्दाम जरा जास्तच वाकल्या, आणि चष्मा नाकावरून घसरला.

भूपालरावांनी त्या एकसष्ट वर्षांच्या, पांढऱ्या केसांच्या चेहऱ्याकडे मोठ्या आदराने पाहिलं. हात चादरीवर, जागच्या जागी होता.

"काकू," ते म्हणाले, "आमच्या मंडळी आल्या की त्यांना आत पाठवा. आणि तेवढा तो पंखा जरा पाचवर करता का?"